उंटांच्या चालीवरचा कायदा

माझ्या माहेरच्या माणसांनी माझ्या सासरचं गाव पेटवलं, तेव्हा मी तव्यावर अंजेरो, आमची धिरडी, टाकत होते. पहिला तोफगोळा मशिदीमागे पडला, दुसरा शेजारच्या शमसोच्या घरावर. मी धावत बाहेर आले तर शमसोचं अर्धं अंग दारात होतं. उरलेलं अर्धं दुपारपर्यंत कुणाला सापडलं नाही. आदल्याच दिवशी तिनं माझ्याकडून चहासाठी वेलदोडे नेले होते.

"आई, आत हो!" लीबान ओरडला. माझा एकुलता एक. लुंगी वर खोचली, वारलेल्या बापाची जुनी बंदूक उचलली आणि निघाला.

"कुठं निघालास, मेल्या? समोर तुझा मामा आहे!"

"मग मामाला सांग ना, समोर भाचा आहे म्हणून!" तो हसला. त्याला कुठेही हसू यायचं. हसत हसतच टेकडीकडे पळाला.

भांडण पाण्याचं होतं. आमचं गाव खालच्या विहिरीचं, माझं माहेर वरच्या विहिरीचं. मधल्या माळावर आमच्या लोकांनी सिमेंटचा हौद बांधला. माझा भाऊ गूलेद म्हणाला, ही आमची चराई आहे. माझा दीर रोबले म्हणाला, असेल तर घेऊन दाखव. झालं. दोन मस्तवाल पुरुषांची दोन वाक्यं, आणि शमसोचे दोन तुकडे.

आता ही सगळी माणसं कायदा न कळणारी होती असं कुणाला वाटत असेल, तर तसं नव्हतं. मला राग आहे तो ह्याचाच.

रोबलेची मुलगी हिबाक नैरोबीत कायदा शिकून आली होती. "माझी हिबाक जगाचा कायदा वाचून आलीय," असं रोबले चहाच्या दुकानात ज्याला त्याला ऐकवायचा. पोरगी आली ती खोक्यांवर खोकी घेऊन. युद्धात काय करायचं नाही ह्याचे नियम, आफ्रिकेतल्या देशांनी मिळून केलेला हक्कांचा करार, आणि काय काय. सगळं इंग्रजीत, नाहीतर फ्रेंचमध्ये. "काकू, ह्यावर आपल्या सरकारची सही आहे," ती मला म्हणाली, "पण ज्यांच्यासाठी केलंय, त्यांनाच पत्ता नाही." माझ्या घराची पुढची खोली तिनं मागून घेतली. शाळेच्या मुली तिथे अभ्यासाला यायच्या, बायका अर्ज लिहून घ्यायला यायच्या. पुरुष मात्र कुणी फिरकायचा नाही.

मग तिनं ते नियम सोमालीत आणले, आणि मी म्हटलं, वाचून कोण बघतंय, गाणं करूया. आमच्याकडे जे गाण्यात नाही ते माणसाच्या डोक्यात नाही. मी शब्द जुळवले, चाल लावली. आणि तिथेच आम्ही दोघी शहाण्यांनी माती खाल्ली. मला येते ती चाल शेळ्यांना पाणी पाजायची. लहानपणापासून शेळ्याच राखल्या, दुसरी चाल आणू कुठून? आणि शेळ्यांचं गाणं बायकापोरांचं. उंटांचं गाणं पुरुषांचं. मिशा फुटलेला बाप्या शेळ्यांचं गाणं तोंडात घेईल? गावभर हसं झालं. "काय वहिनी, शेळ्यांचा कायदा कुठवर आला?" रोबले विचारायचा आणि त्याची माणसं मांड्या थोपटून हसायची.

लीबाननं ते निस्तरलं. त्यानं माझेच शब्द उंटांच्या चालीवर चढवले. आमच्या विहिरी खोल. पुरुष आत उतरतात, एकाच्या डोक्यावर एक असे खाचांमध्ये उभे राहतात आणि चामड्याची बादली हातोहात वर देतात. तळातला अर्धी ओळ म्हणतो, वरचे सगळे पुढची अर्धी. उत्तर चुकलं की ताल चुकतो, ताल चुकला की भरलेली बादली खालच्याच्या डोक्यात. त्यामुळे उत्तर चुकत नाही. झोपेतही चुकत नाही.

"टाकलं ज्यानं हत्यार खाली—"

"मारू नये, त्या मारू नये!"

"वाहतं ज्याचं रक्त भुईवर—"

"पाजा पाणी, त्या पाजा पाणी!"

खालच्या विहिरीवर त्यानं हे बसवलं. मग उंट घेऊन मामाच्या विहिरीवर गेला आणि तिथेही बसवलं. गूलेदचा मुलगा शिरे, माझा भाचा, तर लीबानची सावलीच झाला होता. वर्षभर दोन्ही विहिरींवर तेच गाणं. हिबाक खूश, मी खूश. पालथ्या घड्यावर पाणी टाकतोय हे कुणाला ठाऊक!

तर त्या दिवशी. ऊन चढेपर्यंत टेकडीवर गोळीबार चालला. मग माहेरचे मागे हटले. आमचे मेलेले चादरींत घालून आणले, मी एकेक चादर उचलून पाहिली. एकाचा जबडा नव्हता. एक ओळखूच आला नाही, चपलेवरून त्याच्या आईनं ओळखला. लीबान नव्हता. कुणी म्हणालं, हौदापाशी पडताना पाहिला. कुणी म्हणालं, नाही, हात वर करून उभा होता, त्यांनी नेला.

तेवढ्यात रोबलेच्या माणसांनी दोन कैदी फरफटत आणले. एक पिकल्या दाढीचा. दुसरा शिरे. त्याच्या मांडीतून रक्त वाहत होतं, आणि ज्यानं धरला होता तो मुद्दाम त्याच जागी लाथ घालत होता.

माझ्या दारातल्या बाभळीखाली दोघांना बसवलं. म्हाताऱ्याचे हात मागे बांधलेले. तो काहीतरी बोलायला लागला, बहुतेक कलमा म्हणत असावा. रोबलेनं पिस्तूल त्याच्या कानाला लावलं आणि चाप ओढला. पलीकडच्या बाजूनं जे उडालं ते बाभळीच्या खोडाला चिकटलं. माझ्या शेजारची बाई तिथेच ओकली.

"अब्बा!" हिबाक मध्ये धावली. "बांधलेला माणूस होता तो! हा गुन्हा आहे, सगळ्या जगात गुन्हा आहे!"

"जगाला सांग, माझे किती मेले ते मोजायला ये म्हणावं."

"अब्बा, ह्या पोराला हात लावाल तर—"

रोबलेनं बंदुकीचा दस्ता तिच्या तोंडात हाणला. स्वतःच्या लेकीच्या. ती खाली बसली आणि ओंजळीत रक्त आणि दात थुंकली. चहाच्या दुकानात मिरवलेली हीच ती लेक.

मी शिरेची कॉलर धरली आणि त्याला ओढत माझ्या उंबऱ्याच्या आत टाकला. "आता हा माझ्या छपराखाली आहे," मी म्हटलं. छपराखाली आलेल्याला मारायचं तर आधी घरमालकाला मारावं लागतं. हे रोबलेला हिबाकच्या पुस्तकांतून शिकायची गरज नव्हती, त्याच्या आजानं शिकवलं होतं. तो थांबला, पण पिस्तूल कमरेला खोचलं नाही.

"वहिनी, ऐकून घे. लीबान तुझ्या भावाकडे आहे. तू जा. बाईला दोन्हीकडे वाट असते. लीबानला घेऊन आलीस तर हा लंगडा परत जाईल. नाही आलीस तर छप्पर पाडून त्याला बाहेर काढीन."

मी निघाले. अंगावर तेच पिठाचे डाग पडलेले कपडे. माळावर उंट मरून पडले होते, पोटं फुगलेली. हौदाच्या पाण्यात दोन माणसं पालथी तरंगत होती. ज्या पाण्यासाठी सगळं केलं, ते आता कुत्रंही प्यालं नसतं. माझ्या डोक्यात एकच होतं. मुलगा द्यायचा, मुलगा घ्यायचा. गूलेद माझा पाठचा भाऊ, त्याला कडेवर घेऊन मी शेळ्या राखल्या होत्या. एवढं तो नक्की करील.

वरच्या विहिरीपाशी माहेरची माणसं बसली होती. मला बघून कुणी उठलं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. गूलेद एका झाडाखाली उभा होता. त्याच्या मागे लुंगीनं झाकलेलं काहीतरी होतं. लुंगी निळ्या चौकड्यांची, मीच ईदला घेतलेली.

मी लुंगी बाजूला केली. पोटात एक भोक होतं, आणि एक कपाळात. पोटातल्या जखमेवर कुणीतरी फडकं बांधलेलं होतं.

"हे फडकं कुणी बांधलं?" मी विचारलं.

गूलेदच बोलला. "पोटात गोळी लागली होती. बंदूक फेकली त्यानं. हात वर केले. आणि गायला लागला."

"काय गायला?" मला माहीत होतं. तरी विचारलं.

"तुमचं तेच. आणि माझ्या माणसांनी उत्तर दिलं, दहबो. सगळ्यांनी. वर्षभर विहिरीत म्हटलेलं, तोंडातून आपोआप निघालं. बंदुका खाली आल्या. एकानं फडकं बांधलं. एकजण पाण्याची पखाल घेऊन निघाला."

"आणि तू?"

"मीही उत्तर दिलं. तोंडच गेलं पुढे."

"मग, गूलेद?"

"लढाई तिथंच संपत होती. हौद तसाच राहिला असता. मी ओरडत होतो, पुढे चला, पुढे चला. एकही हलेना. माझी माणसं माझ्या हातातून गेली होती. मग मी गोळी घातली."

म्हणजे आमचं गाणं फुकट गेलं नव्हतं. अगदी बरोबर लागलं होतं, आणि म्हणूनच माझा लेक मेला. पायाशी दगड होता. मी तो उचलला आणि गूलेदच्या तोंडावर हाणला. भुवई फाटली. पुन्हा हाणला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज झाला. तो गुडघ्यावर बसला तरी मी हाणतच होते, हात थकेपर्यंत. तळपट होवो तुझं, पाण्याच्या थेंबाथेंबासाठी मरशील, जे तोंडात आलं ते बोलले. आमच्याकडे मोठ्या बहिणीच्या शापाला लोक बंदुकीपेक्षा भितात. त्याच्या एकाही माणसानं माझा हात धरला नाही.

तोंडातलं रक्त पुसत तो म्हणाला, "शिरे?"

"माझ्या घरात आहे. जिवंत आहे."

"दहबो, तुझा भाचा आहे तो."

"आणि हा तुझा कोण होता रे?"

त्यांनी उंट दिला. लीबानला आडवा बांधला आणि मी दावं धरून निघाले. खरं सांगते, त्या वाटेवर मी शिरेला मनातल्या मनात कितीदा तरी मारला. एकदा सुरीनं, एकदा त्याच दगडानं, एकदा नुसत्या हातांनी. दर वेळी त्याचा जीव जायला वेळ लागत होता, आणि मला ते बरं वाटत होतं.

गाव अंगणात जमलं होतं. उंट बघून बायकांनी हंबरडा फोडला. रोबले पुढे आला, त्यानं लीबानचं तोंड पाहिलं, कपाळातलं भोक पाहिलं, आणि काही न विचारता स्वतःची बंदूक माझ्या हातात ठेवली.

"हक्क आईचा आहे, वहिनी. छप्पर तुझं, लेक तुझा. तुला जमत नसेल तर मी आहेच."

मी बंदूक घेतली. जमणार नाही असं मला अजिबात वाटत नव्हतं.

पुढच्या खोलीत शिरे पुस्तकांच्या फडताळाला टेकून बसला होता. त्याच्यासमोर हिबाक, तोंड सुजून दुप्पट झालेलं. "काकू, नको," ती म्हणाली. शब्द नीट निघत नव्हते.

"बाजूला हो."

"काकू, दोघींनी मिळून केलंय आपण हे गाणं."

"बाजूला हो म्हणते ना! तुझी पुस्तकं घाल चुलीत!"

ती हलली नाही. मी तिला पायानं ढकललं. ती आडवी पडली आणि शिरे उघडा पडला. त्यानं दारातून उंटावरचा लीबान पाहिला असावा. "आत्या," एवढंच म्हणाला. मग त्याच्या तोंडून सूर निघाला. गाणं कसलं, घोगरं रडणंच ते.

"टाकलं ज्यानं हत्यार खाली—"

दारात आमचे पुरुष दाटीनं उभे होते. त्यांचे ओठ हलले, मी पाहिलं. "खबरदार!" रोबले गरजला. ओठ मिटले. तिकडे उत्तर आलं होतं आणि तरीही गोळी आली. इथे उत्तरच येईना. शिरे त्या अर्ध्या ओळीवर अडकून माझ्याकडे बघत राहिला. विहिरीच्या तळाशी भरलेली बादली वर धरून उभा राहिलेला माणूस असाच बघतो, वरून कुणी हात देतंय का म्हणून.

मी बाई. उंटांचं गाणं बाईनं म्हणायचं नसतं, म्हटलं तर विहीर आटते म्हणतात. आटू दे मेली. लीबाननं बांधलेल्या चालीतली ती ओळ दुसऱ्या कुणाच्या हवाली करणार होते मी?

"मारू नये," मी म्हटलं, "त्या मारू नये."

आवाज फुटला. पण चाल बरोबर लागली.

"वाहतं ज्याचं रक्त भुईवर—" शिरे रडत म्हणाला, आणि ह्या वेळी दारातले सगळे पुरुष एकदम बोलले, खालच्या विहिरीत बोलतात तसे, छातीतून: "पाजा पाणी, त्या पाजा पाणी!"

रोबलेनं मागे वळून आपल्या माणसांकडे पाहिलं. त्याचा चेहरा पाहिला आणि मला कळलं, गूलेद असाच दिसला असणार. रोबलेचं पिस्तूल वर आलं, शिरेच्या कपाळाकडे. टेकडीवर गूलेदला अडवायला कुणी नव्हतं. इथे मी होते, आणि बंदूक त्यानंच दिली होती. मी चाप ओढला.

गोळी त्याच्या पंजातून गेली. पिस्तूल खणकन फरशीवर पडलं, दोन बोटं त्याच्याबरोबर. रोबले भिंतीला घसरत खाली बसला आणि कापताना बोकड ओरडतो तसा ओरडायला लागला. खोलीत रक्त, धूर, पुस्तकांवर शिंतोडे. त्याच्या माणसांपैकी कुणी पुढे येईना. माझ्याकडे नळी होती म्हणून नाही. हत्यार खाली पडलं होतं, रक्त वाहत होतं, आणि पुढची ओळ आम्हा सगळ्यांना पाठ होती.

मी माठातून तांब्या भरून आणला. आधी शिरेला पाजलं. मग दिराच्या तोंडाला लावला. "घ्या, भावोजी. शेळ्यांचा कायदा आहे, तुम्हालाही लागू आहे." दात तांब्यावर वाजत होते, तरी तो प्याला. त्याचा हात हिबाकनं बांधला.

सूर्य बुडायच्या आत लीबानला पुरलं. दुसऱ्या दिवशी त्याच उंटावर शिरेला बसवलं. "बापाला जाऊन सांग," मी म्हटलं, "आत्यानं उत्तर दिलं, आणि तुला गोळी घातली नाही. सगळ्या विहिरीसमोर सांग. एकट्यात नको."

हिबाक त्या कराराचं बघणाऱ्या आफ्रिकेच्या हक्क आयोगाकडे अर्ज करायला बसली. म्हणाली, "काकू, गूलेदचं नाव घालू?"

"घाल. आणि बाभळीखालच्या म्हाताऱ्याचं काय?"

"ते सगळ्यात वर आहे," ती म्हणाली. "अब्बांचं नाव पुरं लिहिलंय. आजोबांच्या नावासकट."

"आणि मी रोबलेची बोटं उडवली तेही लिही. कुणी म्हणायला नको, आपलं तेवढं लपवलं."

रोबले आता माझ्या दारावरून जात नाही. त्याच्या घरच्या बायका पाण्यावर मला बघून पाठ फिरवतात. वरच्या विहिरीवर तर मी मेलेलीच आहे. माहेर गेलं, सासर गेलं, राहिली ती पुढची खोली. पण आता तिथे पुरुष येतात. बाहेर चपला काढतात, फडताळाच्या डागांकडे बघत नाहीत, आणि हिबाकला विचारतात, पुढचं कलम काय आहे.

परवा माहेरकडची एक बाई शेळ्या घेऊन आली होती. तिनं सांगितलं. शिरेचा पाय बरा झालाय, तो तळात उतरून गाणं सांगतो. पहिल्याच दिवशी, "टाकलं ज्यानं हत्यार खाली" म्हटल्यावर मधल्या खाचेत उभ्या गूलेदचं तोंडच उघडलं नाही. ताल मोडला, बादली निसटली, खालच्याचा खांदा मोडला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. आता त्याला विहिरीत कुणी उतरू देत नाही. तो कडेला डबक्यावर शेळ्यांना पाणी पाजतो म्हणे, पोरासोरांबरोबर.

मला बरं वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोलू.

मग ती बाई म्हणाली, शिरे अगदी लीबानच्याच चालीत म्हणतो, शेवटचं अक्षर तसंच लांबवतो, लांबून ऐकलं तर वाटतं लीबानच आत उतरलाय. ते ऐकायला मला एकदा जायचंय. दोनदा निघालेही होते, पण लीबानला झाकून ठेवला होता त्या झाडापर्यंत गेल्यावर पाय पुढे पडत नाही.